खतावणीतली नावं

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्याकडं आता लॅपटॉपला कुंकू लावतात. हसू नका. पूर्वी लाल कापडी बांधणीची रोजकीर्द आणि खतावणी चौरंगावर मांडायची, पहिल्या पानावर स्वस्तिक काढून शुभ-लाभ लिहायचं, वर विडा आणि सुपारी ठेवायची. वह्या गेल्या, चौरंग राहिला, म्हणून लॅपटॉप. एका वर्षी एका दुकानातल्या पोरानं भक्तिभावानं की-बोर्डवरच हळद वाहिली आणि पाडव्याला सकाळी मला फोन केला, ‘‘काका, एंटर दबंना झालंय.’’

मी करसल्लागार. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर, दुसऱ्या मजल्यावर, अरुंद जिना चढून यावं लागेल अशा जागेत माझं ऑफिस आहे. विक्रीकर पाहिला, २००५ला व्हॅट आला तो पाहिला, २०१७ला जीएसटी आला तोही पाहिला. अंबाबाईच्या देवळापुढचा महाद्वार रोड, सोन्याचांदीची गुजरी, चप्पल लाइन, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी असा माझा पसारा. बाकीचे लोक दुकानं समोरून बघतात. मी आयुष्यभर मागून, वह्यांच्या बाजूनं बघत आलो. त्यामुळं ‘महाद्वार रोडला उतरती कळा’ असं कुणी म्हटलं की मला आधी जरा रागच येतो. रविवारी दुपारी येऊन बघा म्हणावं. बिनखांबी गणपतीपासून पापाच्या तिकटीपर्यंत चालत जायला एरवी दहा मिनिटं लागत नाहीत, रविवारी अर्धा तास खांदे घासत जावं लागतं. सोलापूरच्या, कर्नाटकाच्या, पुण्या-मुंबईच्या नंबरप्लेटी, हातात प्रसादाच्या पिशव्या, कपाळभर मळवट, पोरांच्या हातात फुगे. ही कसली उतरती कळा?

मग अण्णांचं वाक्य आठवतं. गल्ल्यामागं बसून, बाहेरच्या त्या लोंढ्याकडं बघत ते एकदा म्हणाले होते, ‘‘गर्दी लय हाय ओ. गिऱ्हाईक न्हाई.’’

अण्णा म्हणजे माझे सगळ्यात जुने पक्षकार. तिसऱ्या पिढीतलं कापडाचं दुकान. नाव सांगत नाही, कारण आता ते दुकानच नाही. गादीचं दुकान होतं. गादी म्हणजे काय हे आता पंचविशीतल्या माणसाला समजावून सांगावं लागतं : उंबऱ्याशी चपला काढायच्या, आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र गादी, लोड-तक्के, विकणाराही बसलेला आणि घेणाराही बसलेला. काउंटर नाही. मध्ये फक्त कापड.

तिथं मी बस्ते बांधताना बघितलेत. तेव्हा माझं नवीनच लग्न झालेलं, कामही फारसं नसायचं, त्यामुळं वह्या तपासायच्या निमित्तानं जाऊन बसायचो. सकाळी दहाच्या सुमाराला टेंपो लागायचा. राधानगरीकडचा, नाहीतर भुदरगडचा. वीस-बावीस माणसं उतरायची. नवरीकडची, नवऱ्याकडची, आणि दोन्हीकडून कुणाचीच नसलेली पण कापडातलं कळतं म्हणून आणलेली एक म्हातारी. ही म्हातारी महत्त्वाची. शालू कुणीही पसंत करो, म्हातारीनं काठाचा दोरा नखानं उचलून बघितल्याशिवाय तो बाजूला पडायचा नाही. मानपानाची लुगडी, आहेराचे खण, धोतरजोड्या, फेटे, टॉवेल-टोप्या असे ढीग लागत जायचे. कुणाच्या चुलतीला जरा हलकं लुगडं लागलं की ती पाठ फिरवून बसायची. मग चहा. मग भडंग. चुलतीची समजूत निघेपर्यंत दुपार व्हायची.

आणि दाखवण्याचं एक शास्त्र होतं. अण्णांचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणायचे, ते कधीही पहिल्यांदा चांगला माल काढायचे नाहीत. पहिलं मध्यम. डाव्या हातात घडी धरून उजव्या हातानं असा झटका द्यायचा की सहावारी पातळ गादीवर पाणी सांडल्यासारखं पसरायचं. दुसरं, झेपणार नाही इतकं महाग. गिऱ्हाईक गप्प झालं की पोराला हाक, ‘‘मागचं काढ रं.’’ मागच्या खोलीत एक शिसवी कपाट होतं. खरा माल तिथं असायचा, भावही रास्त असायचा. पण ते कपाट सगळ्यांसाठी उघडत नसे. ज्याचं नाव खतावणीत आहे त्याच्यासाठी उघडायचं.

खतावणी मी पुष्कळ वाचल्या आहेत, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाला शोभणार नाही इतक्या चवीनं वाचल्या आहेत. एकेका पानावर एकेक माणूस. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका. एकाच गावात त्याच नावाचे तिघं असले तर ओळख पटावी म्हणून कंसात काहीतरी : ‘ओढ्याकडचा’, ‘सोसायटीच्या सेक्रेटरीचा मेव्हणा’, ‘एक डोळा’. एका बाजूला नावे, दुसऱ्या बाजूला जमा, खाली बाकी. आणि जमेच्या तारखा बघितल्या की कोल्हापूर जिल्ह्याचं सगळं अर्थशास्त्र उलगडायचं. पैसे कधी येतात? उसाचं बिल आलं की. कारखान्याची पहिली उचल मिळाली की थोडे, दुसरा हप्ता पडला की थोडे, आणि दिवाळीला कारखान्यानं काही सोडलं तर उरलेले. गुळाची गुऱ्हाळं असलेल्यांचं खातं वेगळं. त्यांचे सौदे शाहूपुरीत निघाले की चार दिवसांत इकडं जमा. ही शाहूपुरी राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ला गुळाची पेठ म्हणून वसवली. गूळ तिकडं विकायचा, त्याच पैशानं इकडं बस्ता बांधायचा आणि जाताना गुजरीत डोकवायचं. देवीचं दर्शन या सगळ्याच्या आधी किंवा नंतर, सोयीनं. आता गुळाचे सौदे मार्केट यार्डात निघतात. गाडी तिथून परस्पर हायवेला लागते.

माझी बायको म्हणते, तुम्ही त्या काळाची फार आरती ओवाळता. बरोबर आहे तिचं. त्याच वह्यांत नोकरांच्या पगाराचंही पान असायचं आणि ते पान वाचवत नसे. बारा बारा तास गादीवर उठबस करून गुडघे गेलेली माणसं, हातात काय पडायचं तर उचल वजा जाता जेमतेम राशनपाणी. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असायचा हेही मला माहीत आहे. व्याज लिहीत नसत, ते लुगड्यातच विणलेलं असायचं. तेव्हा गावचा माणूस गादीवर बसायचा तो काही नुसत्या प्रेमापोटी नव्हे. दुसरीकडं जायला जागा नव्हती.

जागा झाली तसा तो गेला.

पहिल्यांदा गेला तो गांधीनगरला. ही एक गंमतच आहे. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलंडमधले जवळपास पाच हजार निर्वासित आणून ठेवले होते, १९४३ ते १९४८. ते गेले आणि त्याच छावणीच्या बराकींत फाळणीनं उखडलेले सिंधी आले. त्यांनी खांद्यावर गठ्ठे टाकून कापड विकायला सुरुवात केली. आज ती कापडाची एवढी मोठी घाऊक पेठ आहे की तिकडं कोकणातून, कर्नाटकातून टेंपो लागतात. शहराच्या हद्दीबाहेर, गाडी लावायला जागा, भाव पडेल. अण्णांचे आबा गांधीनगरला जन्मभर ‘कॅम्प’ म्हणत आले, जरा नाक मुरडून. ‘‘कॅम्पातला माल हाय त्यो,’’ म्हणायचे. पण शेवटी शेवटी अण्णा स्वतः रिक्षा करून तिथूनच गठ्ठे आणत होते, हे मला बिलांवरून कळायचं. आबांना त्यांनी ते कधी सांगितलं नाही. मीही नाही.

मग गडहिंग्लज, गारगोटी, मुरगूड, कागल इथंच दुकानं झाली, चांगली काचेची. खुद्द शहरातला पैसेवाला माणूस राजारामपुरीच्या गल्ल्यांकडं वळला, नंतर कावळा नाक्याच्या मॉलकडं. १९७२ला कोल्हापूरची महानगरपालिका झाली तेव्हाची हद्द आणि आजची हद्द, फरक नाही. माणसं मात्र कळंबा, पाचगाव, उचगाव करत बाहेर पसरली. ती आता पेठेत येताना ‘गावात जाऊन येतो’ म्हणतात, जणू पाहुण्यांकडं निघालीत. आणि गावात यायचं म्हणजे दुचाकी कुठं लावायची इथून सुरुवात. एकदा मीच गुजरीच्या कोपऱ्यावर पाच मिनिटांसाठी स्कूटर लावली आणि क्रेननं उचलून नेली. ती सोडवायला गेलो तिथं माझेच दोन पक्षकार रांगेत उभे. त्यातला एक म्हणाला, ‘‘आता आमच्या दुकानात गिऱ्हाईक का येत न्हाई, तुम्हाला आकड्यांत सांगायला नको.’’

भाड्याची भानगड निराळी. लोकांना वाटतं मोक्याच्या जागी दुकान म्हणजे भाडं भरता भरता मेला असेल. उलट. अण्णांच्या खर्चाच्या पानावर दुकानभाडं महिना ३४० रुपये होतं. जुनी भाडेकरू जागा, कायद्याचं संरक्षण. २००० साली नवा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला तेव्हापासून वर्षाला चार टक्के वाढवता येतात, म्हणजे मूळ रक्कमच एवढीशी असेल तर चार टक्के चहालाही पुरत नाहीत. त्यामुळं मालक कौलं बदलत नाही. भाडेकरू म्हणतो, मी का बदलू, वाडा माझा थोडाच आहे. पावसाळ्यात अण्णांच्या गादीवर तीन ठिकाणी पितळी पातेली ठेवलेली असायची आणि गिऱ्हाईक आलं की त्यावर पातळ टाकून ती झाकायची पद्धत होती. स्वस्त भाड्यानं दुकानं वीस-तीस वर्षं जास्त जगली हे खरं. आणि त्याच स्वस्त भाड्यानं ती आहेत तशीच राहिली, हेही खरं. दोन्ही माझ्या डोळ्यांदेखत झालं, त्यामुळं कुणाची बाजू घ्यायची मला अजून ठरवता येत नाही.

शाहूपुरी-लक्ष्मीपुरीचं दुखणं आणखी वेगळं, तिथं पाणी येतं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट; २०१९च्या ऑगस्टमध्ये ती पंचावन्नच्या वर गेली आणि व्हीनस कॉर्नरला होड्या फिरल्या. पाणी ओसरल्यावर एक धान्यवाले पोतंभर ओल्या वह्या घेऊन माझा जिना चढून आले. आम्ही ऑफिसच्या गच्चीवर दोऱ्या बांधून पानं वाळत घातली, चिमटे लावून. जिकडं तिकडं फुगलेला ज्वारीचा आंबूस वास. शाईनं लिहिलेलं वाहून गेलं होतं, बॉलपेनचं राहिलं होतं. बाकी कुणाकडं किती हे विचारलं तर ते म्हणाले, ‘‘ज्यास्नी द्यायचंय ते देतील की.’’ दोन वर्षांनी, २०२१ला, त्याहून मोठा पूर आला. तेव्हा ते वह्या घेऊन आले नाहीत. दुकानच त्यांनी वरच्या अंगाला हलवलं.

आणि जीएसटी. लोक समजतात करानं मारलं. करानं नाही मारलं, पण एक गोष्ट त्यानं केली. कापडाच्या दुकानदाराला पिढ्यान्‌पिढ्या विक्रीकर माहीतच नव्हता. कापडाला तो लागत नसे. १ जुलै २०१७ पासून पाच टक्के लागला, दरमहा विवरणपत्र लागलं. अण्णा त्यासाठी पहिल्यांदा माझ्यासमोर बसले तेव्हा मी विक्रीचा रकाना समजावून देत होतो. धंदेवाल्याला माल विकला तर त्याचा नंबर टाकायचा, बिलवार दाखवायचं. साध्या गिऱ्हाइकाला विकला तर सगळ्यांची मिळून एकच बेरीज.

‘‘नावं कुठं लिवायची?’’

‘‘नावं लागत नाहीत अण्णा. एकत्र आकडा टाकायचा.’’

‘‘सगळ्यांचा एकच?’’

‘‘एकच.’’

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, बरं झालं, लिवायचा ताप गेला. मला त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नाही. पण तोवर खतावणीची पानंही रिकामी होत आली होती. गावचे येणारे थांबले होते, उधारी मागणारं कुणी उरलं नव्हतं, आणि रस्त्यानं जाणाऱ्याला उधार कोण देणार? नोटाबंदीनंतर यूपीआय पसरलं, त्यात तर पैसे आले की मोबाइलमधली बाई मोठ्यानं बोलते, पण फक्त रक्कम. नाव नाही सांगत.

चप्पल लाइनीत मात्र अजून नावाला किंमत आहे. तिथले एक माझे पक्षकार पाय बघून गाव सांगतात, निदान तसा त्यांचा दावा आहे. २०१९ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या एका बड्या फॅशन शोमध्ये तसंच पायताण मॉडेलच्या पायात दिसलं आणि सगळीकडं बोंब झाली. त्या आठवड्यात दुकानात येऊन जो तो फोटो काढायचा. मी विचारलं, विक्री वाढली का? ते म्हणाले, ‘‘फोटो वाढले.’’ मग स्वतःच हसून, ‘‘न्हाई, वाढली थोडी. खोटं कशाला बोलू.’’ सप्टेंबरात अडीच हजारापर्यंतच्या चपलेवरचा कर पाच टक्क्यांवर आला, त्याचा त्यांना मिलानपेक्षा जास्त आनंद झाला. कारागिराची पोरं मात्र कातड्याला हात लावायला तयार नाहीत, आणि त्यांनी का लावावा हे मलाही सांगता येत नाही.

पण महाद्वार रोड आता गावच्या गिऱ्हाइकाचा नाही, पर्यटकांचा आहे. वाईट काय त्यात? देवीच्या दारातला बाजार देवीच्या भक्तांसाठीच असणार. फक्त भक्त शनिवार-रविवारी येतो, एकदाच येतो, आणि त्याला हातात मावेल ते हवं असतं : एक ग्रॅम सोन्याचा साज, प्लास्टिकच्या डबीतलं कुंकू, रबरी तळ्याची ‘कोल्हापुरी’. मंगळवारी दुपारी चारला या रस्त्यावर या. मोबाइलच्या कव्हरवाला मोबाइलमध्ये मान घालून बसलेला असतो.

नोव्हेंबरात किरणोत्सव असतो, आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीला. मावळतीची किरणं ताराबाई रोडच्या अंगानं महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांशी, दुसऱ्या दिवशी आणखी वर, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग नसले आणि वाटेत काही आडवं आलं नाही तर. आडवं येतं ते आपलंच : वाढवलेला मजला, पाण्याची टाकी, दुकानाचा फलक. महापालिकेनं बरेच अडथळे उतरवले. ज्यांनी बांधलं त्यांनी बैठी घरं धरून हिशोब मांडला होता, आणि आमचा सगळा हिशोब चौरस फुटांत वर चढण्याचा. आता तर २०२५च्या मे महिन्यात चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत मंदिर परिसरासाठी १४४५ कोटींचा आराखडा मंजूर झालाय. कुणाची जागा जाणार, मोबदला किती, कर किती बसेल हे विचारायला लोक माझ्याकडं येतात. ज्यांची ३४० रुपयांची भाडेपावती आहे तेही येतात, आवाज खाली करून.

अण्णांनी त्याची वाट बघितली नाही. मुलगा पुण्यात संगणकात, सून तिकडचीच. दोन वर्षांपूर्वी मालकाकडून रक्कम घेऊन त्यांनी जागा सोडली. मालकानं भिंती घालून तिचे तीन गाळे केले, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर : एक मोबाइल कव्हर, एक इमिटेशन दागिने, एक प्रसादाचे पेढे. तिन्ही माझेच पक्षकार झाले, म्हणजे माझं नुकसान झालेलं नाही, उलट फी तिप्पट. शिसवी कपाट जिन्यातून जाईना म्हणून मोडून विकलं.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी कव्हरवाल्या पोराचा फोन आला. ‘‘काका, हितं धा-बारा माणसं आलीत. कापडाचं दुकान कुठाय म्हणून भांडाय लागलीत.’’

मी खाली उतरून गेलो. भुदरगडकडची माणसं. टेंपो नव्हता, दोन गाड्या होत्या आणि त्या बिंदू चौकात लावून चालत आलेली. घोळक्यात नऊवारीतल्या एक आज्जी, हातात काठी, समोरच्या गाळ्यात लटकणाऱ्या कव्हरांकडं डोळे बारीक करून बघत होत्या. ‘‘हितंच हुतं,’’ त्या म्हणत होत्या. ‘‘पायरी तीच हाय बघा. माझा बस्ता हितं बांधला, लेकीचा हितं बांधला.’’ नातवाचं लग्न होतं. नातू ओशाळून म्हणाला, आम्ही गांधीनगरलाच निघालो होतो, पण आज्जी ऐकत नाही.

मी अण्णांना फोन लावला. वीस मिनिटांत स्कूटरवर आले, घरातल्या लेंग्यावर कोट चढवून. आज्जींनी गाव सांगितलं. अण्णांनी सासऱ्याचं नाव विचारलं, आज्जींनी सांगितलं, आणि अण्णा म्हणाले, ‘‘म्हंजे ओढ्याकडचं.’’ आज्जी मोठ्यानं हसल्या.

दोन गल्ल्या सोडून एक गादीचं दुकान अजून आहे. तिकडं सगळे निघालो. खरंतर माझं तिथं काही काम नव्हतं. चपला काढून बसलो. अण्णा सवयीनं आतल्या बाजूला, तक्क्याकडं निघाले होते. मध्येच थांबले आणि इकडं, गिऱ्हाइकांच्या ओळीत, आज्जींच्या शेजारी येऊन बसले. पाठीला टेकायला काही नाही, त्यामुळं नीट बसता येईना, गुडघ्यावर हात ठेवून पुढं वाकून बसले. दुकानातला पोरगा पंचविशीचा असेल. त्यानं पहिला शालू पसरला. झटका बरा होता. दुसरा पसरला, किंमत सांगितली, घोळका गप्प झाला.

अण्णांनी काठाचा दोरा नखानं उचलून बघितला आणि सोडून दिला.

‘‘ऱ्हाऊ दे ते पोरा,’’ ते म्हणाले. ‘‘मागचं काढ की.’’